खटका दोन घरांच्या मध्ये

१९५४ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावाहून फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकॅस्टर ही इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली. तिला तीन पिकअप होते आणि त्यांपैकी कोणता ऐकू यावा हे ठरवायला तीन घरांचा एक खटका. दांडीजवळचा, मधला, घोडीजवळचा. एका वेळी एकच. बनवणाऱ्याचा हिशेब सरळ होता. वाजवणाऱ्यांच्या मात्र लक्षात आले की हा खटका दोन घरांच्या मध्ये, अधांतरी ठेवला तर दोन पिकअप एकदम चालू होतात आणि तिन्ही घरांत न सापडणारा, काहीसा पोकळ, काहीसा नाकातला आवाज येतो. खटक्यातली स्प्रिंग त्याला तिथे टिकू देत नसे. मग कोणी ती सैल करून घेतली, कोणी फटीत काहीबाही अडकवले. कारखान्याने या मधल्या जागांना अधिकृत खाच दिली ती १९७७ मध्ये, पाच घरांचा खटका बसवून. वाजवणाऱ्यांनी लावलेला पाठ मूळ संहितेत यायला २३ वर्षे लागली.

‘पाठ’ आणि ‘संहिता’ हे शब्द मी हौसेने वापरत नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या पोटातली वायरिंग ही लिहिलेली गोष्ट असते. कोणत्या वेटोळ्याचे कोणते टोक कुठे जोडायचे, कोणता आवाज शक्य ठेवायचा आणि कोणता मुळातच होऊ द्यायचा नाही, हे तिच्यात कोणीतरी ठरवलेले असते. मग दुसरा कोणी मागचे झाकण उघडतो आणि ते बदलतो. या बदलांवर जगभर ढिगाने लिहिले गेले आहे, पण त्या लिखाणाचे प्रकार दोनच. एक, कारखान्यांची चरित्रे, ज्यांत सगळी प्रतिभा कारखान्याची असते. दुसरे, जोडणीचे नकाशे: लाल तार इथे, काळी तार तिथे, की झाले सात आवाज, अकरा आवाज, एकवीस आवाज. हे जादा आवाज घेऊन पुढे कोणी काय केले, हा प्रश्न दोन्ही प्रकारांत विचारलेला मला दिसला नाही. तो विचारावा म्हणून हा लेख. अभियांत्रिकीचे शिक्षण माझ्यापाशी नाही. जे आहे ते बंद पडलेले रेडिओ उघडून आणि बोटे भाजून घेऊन मिळवलेले आहे.

पिकअप म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. चुंबकाभोवती तांब्याच्या अतिबारीक तारेचे हजारो वेढे घ्यायचे. तार इतकी बारीक की जाडी मिलिमीटरच्या सहा-सात शतांश भागाएवढी. वर पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात क्षीण वीज निर्माण होते. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. तेव्हा पिकअप हा मायक्रोफोन नव्हे. त्याला हवेतला आवाज ऐकू येत नाही, लाकूड तर नाहीच नाही. तो फक्त लोखंडाची हालचाल पाहतो. बाजारात यशस्वी झालेला असा पहिला पिकअप जॉर्ज बोशाँ याचा. १९३२ साली विक्रीला आलेले त्याचे वाद्य अ‍ॅल्युमिनियमचे होते, आकारावरून त्याला ‘फ्राइंग पॅन’ म्हणत, आणि ते मांडीवर आडवे ठेवून वाजवायचे हवाईयन गिटार होते. हा तपशील आपल्याला परका वाटू नये. व्हॅन शिप्ली, सुनील गांगुली यांच्या तबकड्यांवरून हिंदी चित्रपटगीतांच्या सुरावटी आपल्या घरात आल्या त्या याच कुळातल्या वाद्यावरून.

पिकअप तारेच्या कोणत्या भागाखाली आहे यावर आवाज अवलंबून असतो, हे सहज कळते. घोडीजवळ तारेचा झोका लहान, म्हणून तिथला आवाज बारीक आणि धारदार. दांडीजवळ झोका मोठा, आवाज भरीव. कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की वेटोळे, नॉबमधला रोध, कपॅसिटर आणि अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाणारी केबल मिळून एकच मंडल होते. त्या मंडलाचा स्वतःचा एक अनुनाद असतो. स्ट्रॅटोकॅस्टरसारख्या एका वेटोळ्याच्या पिकअपला नेहमीच्या लांबीची केबल जोडली तर तो साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपास पडतो, म्हणजे माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो नेमका त्या पट्ट्यात. त्या उंचवट्याच्या वरचे सारे कापले जाते. नॉब २,५०,००० ओहमचा असेल तर उंचवटा दबतो, ५,००,००० ओहमचा बसवला तर वर येतो. केबल लांब झाली की तो खाली घसरतो. आपण ज्याला एखाद्या गिटारचा ‘स्वभाव’ म्हणतो त्यातला बराचसा भाग या एका उंचवट्याची जागा आणि उंची एवढाच असतो. वायरिंगमध्ये बदल करायचा म्हणजे हा उंचवटा हलवायचा. उरलेले बरेचसे जाहिरातीचे शब्द आहेत.

आता घरघर. वेटोळे तारेची हालचाल टिपते तशी घरातल्या विजेचीही टिपते. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० वेळा दिशा बदलते, आपल्याकडे ५० वेळा. हे प्रमाण सहास पाच. म्हणजे आपल्या विजेच्या घरघरीला षड्ज मानले तर अमेरिकेची घरघर बरोबर कोमल गंधारावर लागते. ही गंमत सोडली तर घरघर हा इलेक्ट्रिक गिटारचा जन्मजात रोग होता. त्यावर मिशिगनमधल्या कॅलमझू गावी गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या सेथ लव्हरने इलाज शोधला. दोन वेटोळी शेजारी ठेवायची, एकाचे चुंबकीय टोक दुसऱ्याच्या उलट, आणि जोडणीही उलट. बाहेरून येणारी घरघर दोन्हींत सारखीच शिरते आणि उलट जोडणीमुळे एकमेकींना खाऊन टाकते; तारेचा आवाज मात्र दोनदा उलटा होऊन सुलटा पडतो आणि त्याची बेरीज होते. हाच ‘हंबकर’. पेटंटचा अर्ज २२ जून १९५५ चा, मंजुरी २८ जुलै १९५९ ची. मधल्या काळातल्या पिकअपखाली ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची चिठ्ठी असे. आज त्या चिठ्ठीलाच सोन्याचा भाव आहे. पुढे चिठ्ठीवर पेटंटचा क्रमांक आला, पण तो या पिकअपचा नव्हताच. तो लेस पॉल यांच्या तार अडकवण्याच्या पट्टीच्या पेटंटचा होता. नजरचूक की नक्कल करणाऱ्यांना दिलेली हूल, यावर जाणकार अजून वाद घालतात. मला हूल जास्त पटते.

हंबकरने रोग बरा केला, पण रोग्याचा आवाजही बदलला. दोन वेटोळी एकसर जोडली की दोघांचा प्रभाव एकत्र येतो, अनुनाद खाली सरकतो, आवाज जाड आणि मोठा होतो. स्ट्रॅटोकॅस्टरची काचेसारखी धार तिथे नाही. आणि इथूनच ‘एकाच गिटारमध्ये दोन्ही हवे’ हा हट्ट सुरू होतो. १९७० च्या दशकात बदली पिकअप बनवणाऱ्या छोट्या कंपन्या निघाल्या. त्यांच्या हंबकरमधून दोन्ही वेटोळ्यांची चारही टोके वेगवेगळी बाहेर काढलेली असत. जुन्या हंबकरमधून फक्त एक वेष्टित तार बाहेर येई; वेटोळ्यांचा सांधा आतच बंद असे. चार टोके हाती आली तशी सोल्डरिंगची कातवी घेऊन बसलेल्या प्रत्येकाला आपण सेथ लव्हरचे सहलेखक आहोत असे वाटू लागले.

सर्वांत लोकप्रिय बदल म्हणजे वेटोळे तोडणे. एक खटका किंवा ओढता येणारा नॉब बसवायचा. तो ओढला की दोनपैकी एक वेटोळे जमिनीला जोडले जाऊन गप्प होते. आश्वासन असे की हंबकरच्या पोटातून स्ट्रॅटोकॅस्टर बाहेर येईल. येत नाही. येणार कशी? स्ट्रॅटोकॅस्टरच्या पिकअपमध्ये प्रत्येक तारेखाली एक चुंबकाचीच कांडी उभी असते आणि तिच्याभोवती साताठ हजार वेढे. हंबकरच्या एका वेटोळ्याला जेमतेम पाच हजार वेढे, आणि आत पोलादी स्क्रू किंवा खुंट्या; चुंबक खाली आडवे निजलेले. अर्धा हंबकर म्हणजे अर्धा हंबकरच. आवाज अचानक खाली बसतो, घरघर परत येते, आणि वादनाच्या मध्यात नॉब ओढला तर ऐकणाऱ्याला वाटते काहीतरी बिघडले. या बदलाला चुकीचे नावही चिकटले आहे. अनेक जण त्याला ‘टॅप’ म्हणतात. टॅप म्हणजे खरे तर एकाच वेटोळ्यातून मधल्या एखाद्या वेढ्यावर फाटा काढणे. नावातच गोंधळ असलेल्या गोष्टीकडून स्पष्ट आवाजाची अपेक्षा का धरावी?

त्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आणि तरीही मागे पडलेला बदल म्हणजे दोन वेटोळी एकसर न जोडता समांतर जोडणे. दोन्ही जागी राहतात, म्हणून घरघर येत नाही. इंडक्टन्स एकसर जोडणीच्या एक चतुर्थांशावर येतो आणि अनुनाद, केबल तीच धरली तर, दुप्पट वर चढतो. आवाज थोडा कमी, पण उघडा आणि स्वच्छ. त्याला स्ट्रॅटोकॅस्टर होण्याचा आव नाही. तो हंबकरचाच दुसरा बोल आहे. कष्ट दोन्हींना सारखेच, तोच सहा पायांचा खटका. मग लोक वेटोळे तोडण्याकडे का जातात? माझ्या मते कारण आवाजात नाही, नावात आहे. ‘हंबकर अधिक स्ट्रॅटोकॅस्टर’ हे विकता येते. ‘समांतर’ कोण विकत घेणार?

नावांच्या गोंधळाचे मोठे उदाहरण खटक्याच्या त्या मधल्या जागांचेच आहे. त्या आवाजाला कित्येक वर्षे सर्रास ‘आउट ऑफ फेज’ म्हटले गेले, आजही म्हणतात. डायर स्ट्रेट्सच्या १९७८ च्या ‘सुलतान्स ऑफ स्विंग’मध्ये मार्क नॉफ्लरची गिटार ज्या आवाजात बोलते तो हा आवाज. प्रत्यक्षात तिथे दोन पिकअप समांतर आणि एकाच फेजमध्ये असतात. ते तारेच्या दोन वेगळ्या बिंदूंवरून तीच हालचाल पाहतात; काही उपस्वर दोघांकडे एकाच बाजूने येतात व वाढतात, काही उलट बाजूने येतात व गळतात. गाळणी फेजची नव्हे, जागेची आहे. खरोखर फेज उलटली तर काय होते हे ऐकायचे असेल तर पीटर ग्रीनकडे जावे लागते.

फ्लीटवुड मॅकचा संस्थापक पीटर ग्रीन याच्याकडे १९५९ ची लेस पॉल गिटार होती. तिच्या दांडीजवळच्या हंबकरमधले चुंबक उलटे बसलेले होते. एकेक पिकअप स्वतंत्र वाजवला तर कळणारही नाही. पण दोन्ही एकत्र केले की ते एकमेकांच्या विरुद्ध जातात. खालचे स्वर मोठ्या प्रमाणात नाहीसे होतात आणि उरतो तो एक बारीक, घशात दाटलेला, रडवेला म्हणावा असा आवाज. दोन्ही व्हॉल्यूम नॉबमध्ये किंचित फरक केला की कमी-जास्त प्रमाणात वजाबाकी होते, म्हणजे दोन नॉबमध्ये एक अखंड पट्टा मिळतो. ही चूक कारखान्यातली की नंतरच्या दुरुस्तीतली, याबद्दल मतभेद आहेत. ती कोणी मुद्दाम आखली नव्हती, एवढे बहुतेक जण मानतात. गिटार पुढे गॅरी मूरकडे गेली, आता मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे. चुंबक कोणी सुलटे केले नाही. लेखनिकाच्या हातून झालेला पाठभेद मूळ पाठापेक्षा सरस ठरला, तर संपादकाने काय करावे? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली तेव्हा त्यांच्यासमोर धर्मग्रंथ होता, म्हणून प्रश्न सोपा होता असे नाही; पण उत्तर कोणत्या बाजूला आहे हे तरी ठाऊक होते. वाद्याच्या बाबतीत तेही ठाऊक नसते.

अपघाताच्या विरुद्ध टोकाला पूर्ण आखणी आहे. १९६३ मध्ये लंडनजवळ राहणाऱ्या ब्रायन मे या शाळकरी मुलाने वडिलांच्या मदतीने घरीच गिटार करायला घेतली. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार. दांडीला जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी, कंपनासाठी मोटरसायकलच्या स्प्रिंगा, तरफेच्या टोकाला विणायच्या सुईचा शेंडा. पिकअप आधी घरी केले, मग बर्न्स कंपनीचे तीन आणून बसवले. खरी कमाल जोडणीत आहे. प्रत्येक पिकअपला एक चालू-बंद खटका आणि एक फेज उलटवण्याचा, आणि तिन्ही एकसर. मोजून पाहू: एकेकटे तीन, जोडीने तीन, प्रत्येकी सुलट-उलट मिळून सहा, तिन्ही एकत्र चार. एकूण १३ वेगळे आवाज, आणि प्रत्येकाचा खटका बोटाखाली. ‘एका गिटारमध्ये अनेक गिटार’ या कल्पनेची याहून स्वच्छ रचना मी पाहिलेली नाही. आणि तरीही क्वीनच्या ध्वनिमुद्रिका ऐकत बसलो तर जाणवते की मे बहुतांश काम घोडीजवळचा आणि मधला, एकाच फेजमध्ये, या एका जोडीवर करतो. बाकीचे बारा विशिष्ट ठिकाणी, विशिष्ट कडव्यासाठी बाहेर येतात. खटके वाया गेले असे मी म्हणणार नाही. पण त्यांचा उपयोग कोशातल्या शब्दांसारखा आहे. घरात बोलायला तेवढे लागत नाहीत.

जिमी पेजच्या नावाने विकल्या जाणाऱ्या जोडणीबद्दल मी एवढा उदार होऊ शकत नाही. चार ओढते नॉब, वेटोळी तोडणे, एकसर-समांतर, फेज. एकवीस आवाज मिळतात असे म्हणतात. पेजच्या एका लेस पॉलमध्ये अशा प्रकारचे बदल होते हे खरे. पण ज्या आवाजासाठी लोक ही जोडणी करून घेतात तो पेजने मिळवला कशावर? लेड झेपेलिनच्या पहिल्या तबकडीत मुख्यतः टेलिकास्टर आहे. १९७१ च्या ‘स्टेअरवे टू हेवन’मधला तो सुप्रसिद्ध एकल तुकडाही टेलिकास्टरवरचा. दोन पिकअप, दोन नॉब, एक खटका. एकवीस आवाजांच्या पेटीवर ज्याचे नाव आहे त्याचे सर्वांत जास्त ऐकले गेलेले वादन सर्वांत साध्या गिटारवर झाले, हे नकाशे विकणारे सांगत नाहीत.

टेलिकास्टर साधी, असे मी म्हटले. पण तिची वायरिंग तिच्या कारखान्यानेच तीनदा लिहिली. लिओ फेंडर रेडिओदुरुस्ती करत करत गिटारकडे आलेला माणूस; त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. १९५० च्या रचनेत एक नॉब चक्क घोडीजवळच्या आवाजात दांडीजवळचा आवाज मिसळण्यासाठी होता. खटक्याच्या एका घरात दांडीजवळच्या पिकअपवर मोठा कपॅसिटर टाकून इतका गडद आवाज ठेवला होता की त्यावर बासची बाजू उचलता यावी, असा त्यामागचा हेतू सांगितला जातो. १९५१ मध्ये फेंडरनेच स्वतंत्र इलेक्ट्रिक बास आणला आणि त्या घराचे काम संपले. तरी ते घर १९६७ पर्यंत राहिले. १९५२ मध्ये मिश्रणाचा नॉब काढून त्या जागी टोनचा नॉब आला, आणि त्यामुळे १५ वर्षे अशी गेली की दोन पिकअपच्या गिटारमध्ये दोन्ही एकत्र वाजवायला घरच नव्हते! वाजवणारे इथेही खटका मध्येच अडकवत. १९६७ मध्ये कारखान्याने मधले घर दोघांना दिले. या इतिहासात प्रतिभावंत निर्माता आणि आज्ञाधारक वापरकर्ता कुठे दिसतात? दिसतो तो दुरुस्त्यांचा पत्रव्यवहार, तोही बहुधा एका बाजूने उशिरा उत्तर येणारा.

इथवर माझे मत झाले होते ते असे: कमी खटके बरे. पुरावेही होते. एडी व्हॅन हॅलनने १९७८ मध्ये ज्या घरगुती गिटारने सगळ्यांना चकित केले तिच्यात प्रत्यक्ष चालणारा एक हंबकर आणि एकच व्हॉल्यूम नॉब होता. १९६७ च्या सुमारास क्रीममध्ये एरिक क्लॅप्टनने जो गोल, बासरीसारखा आवाज काढला त्यासाठी त्याने काही जोडले नाही. टोनचा नॉब पूर्ण बंद केला आणि अ‍ॅम्प्लिफायर मोठा ठेवला. डेव्हिड गिल्मोरने आपल्या काळ्या स्ट्रॅटोकॅस्टरवर दांडीजवळचा पिकअप कधीही सामील करून घेणारा एकच लहानसा खटका बसवला. तेवढ्याने तीन पिकअपच्या सर्व सातही जोड्या पूर्ण होतात. आणि मला स्वतःला सर्वांत उपयोगी वाटणारा बदल तर खटकाच नाही. व्हॉल्यूम कमी केला की नॉबचा रोध आणि केबलची धारणा मिळून वरचे स्वर आधी गिळतात, आवाज लहान होतो त्याबरोबर गढूळही होतो. नॉबच्या दोन पायांवर एक अगदी छोटा कपॅसिटर टाकला तर वरचे स्वर वळसा घालून निघून जातात. चहाच्या किमतीचा भाग. त्यानंतर करंगळीने व्हॉल्यूम फिरवत जो पल्ला मिळतो तो एकवीस खटक्यांत नाही.

मनात सतारही होती. जवारी खुली की बंद, हे कारागीर कानशीने घासून एकदाच ठरवतो. रविशंकरांची जवारी खुली, विलायत खाँची गोल, बंद. दोघांनी आयुष्यभर एकेकीवर सगळे रस वाजवले. सतारीला कोणी जवारी बदलायचा खटका मागितलेला मी ऐकलेला नाही. हे उदाहरण मी मित्रांना फार वेळा ऐकवले आहे आणि दर वेळी जिंकलो आहे.

पण ते उदाहरण अपुरे आहे, आणि ते मला एका गिटारने शिकवले. साधारण वीस वर्षांपूर्वी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार मी विकत घेतली. वाजवणारे गृहस्थ वारले होते. घरच्यांना अडगळ नको होती. ते गणेशोत्सवात आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवत. मी झाकण उघडले तर आत कारखान्याची वायरिंग नव्हतीच. दोन ठिकाणी बाहेरून आणलेले कपॅसिटर, एक तार भलत्याच पायाला, एका नॉबचे काम बदललेले, आणि खटक्याच्या एका पायावर सोल्डरचा जाड गोळा. मला ते गबाळे वाटले. मी सगळे उपटून काढले, लॅमिंग्टन रोडवरून नवे नॉब आणि खटके आणले आणि चार टोकांचे हंबकर बसवून एका इंग्रजी नकाशाप्रमाणे पाच खटक्यांची जोडणी केली. जुने भाग केराच्या टोपलीत गेले. त्या पाच खटक्यांपैकी मी दोन वापरत असे.

बऱ्याच वर्षांनी हा विषय गंभीरपणे हाती घेतला तेव्हा लक्षात आले की मी काय फेकले. ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्यासमोरचा प्रश्न पेजचा नव्हता, मेचाही नव्हता. रात्रीच्या एका कार्यक्रमात वीस-पंचवीस गाणी, त्यांत एक शंकर-जयकिशनचे, पुढचे राहुलदेव बर्मनचे, त्यानंतर एखादी लावणी. मूळ ध्वनिमुद्रणात हवाईयन गिटार, बारा तारांची गिटार, बास आणि मॅन्डोलिन वेगवेगळ्या माणसांनी वाजवलेले, आणि इथे मंचावर माणूस एक आणि वाद्य एक. अ‍ॅम्प्लिफायर भाड्याचा, केबल लांबच लांब, मांडवातली वीज कधी कमी कधी जास्त. श्रोत्यांना पहिल्या दोन सुरांत गाणे ओळखू आले पाहिजे. इथे अनेक आवाजांची गरज ही हौस नाही, पोटाची बाब आहे. रविशंकरांना एका रात्रीत वेगवेगळ्या वादकांची सतार वाजवायची नसते. याला वाजवायची होती. सतारीचा दाखला देऊन मी जिंकलेले सगळे वाद या माणसापुढे टिकत नाहीत.

त्याने खटके वाढवले नव्हते, हे मला आठवते. होते तेवढ्याच नॉब-खटक्यांची कामे त्याने बदलली होती. एका घरात बहुधा काहीतरी गडद, बासची बाजू उचलण्यासाठी. फेंडरने १९५० मध्ये ठेवले आणि १९६७ मध्ये काढून टाकले ते घर या माणसाने पुन्हा स्वतः शोधले असेल. असेल, असे म्हणावे लागते, कारण तपासायला आता काही नाही. परदेशात जुन्या गिटारच्या व्यवहारात कारखान्याचा मूळ सांधा अभंग असेल तर किंमत वाढते. वाजवणाऱ्याने केलेला सांधा असेल तर घटते. म्हणजे बाजाराच्या दृष्टीने कारखान्याने लिहिलेले तेवढेच मूळ, आणि वाजवणाऱ्याने समासात लिहिलेले ते खोडण्याजोगे. मी बाजारात नव्हतो, तरी तसाच वागलो. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांबद्दल जे काही लिहिले जाते त्यात गायक असतात, निवेदक असतात, क्वचित ढोलकीवाला असतो. गिटारवाल्याने आपला आवाज कसा घडवला, याची कागदावर नोंद नाही. नोंद असली तर वाद्याच्या पोटात असते, आणि त्या गिटारी एकेक करून भंगारात तरी जातात, नाहीतर माझ्यासारख्या कोणाच्या तरी हाती.

आता मी कोणतीही गिटार उघडली की आधी फोटो घेतो, मग प्रत्येक सांध्याचा नकाशा काढतो, मग कातवी तापवतो. काढलेले भाग चिठ्ठी लावून पाकिटात घालतो आणि ते पाकीट झाकणाखालच्या पोकळीत मावेल तेवढे दाबून ठेवतो. नवा बदल शक्यतो असा करतो की पुढच्या माणसाला तो अर्ध्या तासात उलटवता यावा. त्या ऑर्केस्ट्रावाल्याच्या गिटारमधले तीन खटके मी काढून टाकले आहेत. भोके राहिली आहेत. टोनच्या नॉबवर त्याने लावलेला कंडेन्सर तपकिरी रंगाचा, करंगळीच्या पेराएवढा होता आणि त्यावर आकडा छापलेला होता. तो मी वाचला होता, लिहून घेतला नाही. ०.०२२ पासून ०.१ मायक्रोफॅरडपर्यंत मिळतील ते सगळे लावून मी पाहत असतो.